आतड्याच्या कॅन्सरचा रिपोर्ट: स्टेजच्या पुढच्या ओळीही वाचा

काचपट्टी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. ऑपरेशनला काढलेला तुकडा फॉर्मलिनच्या बरणीतून आमच्याकडे येतो. आम्ही त्याचे मेणाचे ब्लॉक करतो, ब्लॉकच्या तीन-चार मायक्रॉनच्या चकत्या काचपट्टीवर घेऊन रंगवतो आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडम त्या बघून रिपोर्ट लिहितात. रिपोर्ट न्यायला येणारी माणसं बहुतेक खेड, दापोली, संगमेश्वराकडची. काउंटरवरचे दोन प्रश्न ठरलेले. "स्टेज कितवी?" आणि मग आवाज खाली आणून, "किती दिवस आहेत?"

स्टेज रिपोर्टवर असते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नुसत्या स्टेजवरून कुणालाच देता येत नाही. दोघांना एकाच जागी, एकाच स्टेजचा कॅन्सर असतो. एकाला पाच वर्षांनंतरही काही नसतं, दुसऱ्याच्या यकृतात तो वर्षभरात उतरतो. हा फरक बराचसा गाठीच्या पेशींतल्या जनुकीय बदलांमुळे पडतो, आणि हे बदल दाखवणाऱ्या खुणा म्हणजे मार्कर. त्यातली सगळ्यात आधी करायची चाचणी आहे त्याच मेणाच्या ब्लॉकवर होते. पुन्हा बायोप्सी लागत नाही. तरीही ती न करताच केमो सुरू झालेले रिपोर्ट माझ्या नजरेसमोरून जातात. म्हणून हा धागा काढतेय.

चाचणीचं नाव एमएमआर. पेशी विभागते तेव्हा डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. त्या दुरुस्त करणारी चार प्रोटीन्स: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. यातलं एखादं नसेल तर चुका साचत जातात. तीच गोष्ट डीएनएवरून तपासली की रिपोर्टवर 'एमएसआय-हाय' असं येतं. आतड्याच्या एकूण कॅन्सरपैकी साधारण १५ टक्के असे असतात, चौथ्या स्टेजला मात्र ४-५ टक्केच. म्हणजे हे कॅन्सर एरवी कमी पसरतात.

आम्ही बघतो काय, तेही सांगते. चार काचपट्ट्या, एकेकीवर एकेका प्रोटीनचा रंग. प्रोटीन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी उठतं, नसेल तर निळं राहतं. पण गाठ निळी दिसली म्हणून लगेच 'प्रोटीन नाही' असं लिहायचं नसतं. गाठीच्या आतबाहेर लिम्फोसाइट पेशी विखुरलेल्या असतात, कडेला निरोगी आतडं असतं. ते तपकिरी उठलंच पाहिजे. तेही निळंच असेल तर चाचणीच फसली, पुन्हा करायची. आणि ती का फसली याचं कारण बरेचदा बरणीत सापडतं. आतडं उभं न उघडता तसंच अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबलेलं, फॉर्मलिन जेमतेम भिजेल इतकं, आणि मे महिन्याच्या उकाड्यात दिवसभर प्रवास करून आलेलं. तुकड्याच्या दहापट फॉर्मलिन हवं. आतपर्यंत न मुरलेला तुकडा बरणी उघडताच वासावरून कळतो, आणि मग आम्ही कितीही जीव लावून काम केलं तरी त्यातून चांगला रंग निघत नाही.

या चार पट्ट्यांवरून तीन निर्णय बदलतात. दुसऱ्या स्टेजला ही प्रोटीन्स नसतील तर पुढचं चित्र मुळात चांगलं असतं, आणि नुसत्या ५-एफयू या एकाच औषधाच्या केमोचा फायदा होत नाही, म्हणजे ती टाळता येते. चौथ्या स्टेजला अशा पेशंटला इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारं औषध, लागू पडते. २०२० सालच्या कीनोट-१७७ अभ्यासात पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधावर आजार वाढेपर्यंतच्या काळाचा मध्य १६.५ महिने होता, केमोवर ८.२. तिसरा निर्णय पेशंटच्या भावंडांचा आणि मुलांचा असतो. तो प्रश्न कुणी विचारला की सविस्तर लिहीन.

गुहागरी

काचपट्टीताई, वेळेवर धागा काढलात. माझे वडील ६७ वर्षांचे. उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात गाठ, यकृतात पसरलेली. रिपोर्टवर चारही प्रोटीन्स शाबूत आहेत, आणि 'केरास जी१२डी म्युटेशन' असं लिहिलंय. मुंबईत शेजारच्या वाडीतल्या एका गृहस्थांना याच आजारासाठी सेटुक्सिमॅब नावाचं इंजेक्शन मिळालं आणि ते बरे फिरतात. आमचे डॉक्टर म्हणतात, तुमच्या वडिलांना ते नाही. काकांना वाटतंय की महागाचं औषध आहे म्हणून आपल्याला टाळतायत. घरात रोज यावरून वाद. खरं काय?

घाटमाथा

मी कोल्हापुरात शस्त्रक्रिया करतो. गगनबावडा आणि फोंडा घाट चढून येणारे बरेच पेशंट माझ्याकडे असतात, म्हणून उत्तर देतो.

गुहागरी, तुमच्या डॉक्टरांनी योग्य केलंय. काकांना हे वाचून दाखवा. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचा ग्राहक असतो. बाहेरून 'वाढ' असा निरोप आला की तो आत पोचवतो, आणि आत तो निरोप पुढे नेणाऱ्यांपैकी एक म्हणजे केरास. सेटुक्सिमॅब किंवा पॅनिट्युमुमॅब वरचा ग्राहक बंद करतात. पण केरासमध्ये बदल झाला असेल तर तो निरोप नसतानाही चालूच राहतो. विहिरीवरचा पंप बंद केला, पण टाकीचा कॉक उघडाच अडकलाय, तर पोफळींना पाणी जातच राहणार. तसंच हे. आतड्याच्या कॅन्सरमध्ये साधारण ४० टक्के पेशंटच्या गाठीत केरासचा बदल असतो. ही औषधं त्यांना लागू पडत नाहीत हे २००८ साली स्पष्ट झालं. पुढे २०१३ मध्ये कळलं की केरासच्या इतर जागांवरचे आणि एनरास या त्याच्या भावंड जनुकातले बदलही तपासायला हवेत, आणि असा बदल असताना ऑक्सॅलिप्लॅटिनच्या केमोसोबत पॅनिट्युमुमॅब दिलं तर निकाल उलट खराब होतो. तेव्हा ते न देण्यात वडिलांचं हितच आहे.

अजून एक. उजव्या बाजूच्या गाठींवर ही औषधं केरास शाबूत असतानाही डाव्या बाजूइतकी चालत नाहीत. आतड्याची उजवी आणि डावी बाजू गर्भात वेगवेगळ्या भागांपासून तयार होतात आणि त्यांच्यातले कॅन्सरही वेगळ्या स्वभावाचे असतात. शेजारच्या गृहस्थांची गाठ बहुधा डावीकडची असणार आणि केरास, एनरास दोन्ही शाबूत. दोघांच्या आजाराचं नाव एकच आहे, एवढंच.

वडिलांना केमो आणि सोबत बेव्हॅसिझुमॅब (गाठीचा रक्तपुरवठा रोखणारं औषध) हा नेहमीचा रस्ता उघडा आहे. यकृतातल्या गाठी मोजक्या असतील तर यकृताच्या सर्जनला एकदा फिल्म दाखवाच. केरास बदललेला आहे म्हणून ती शक्यता कुणी आधीच गुंडाळून ठेवू नये.

गुहागरी

सर, काकांना फोनवर वाचून दाखवलं. पंपाचं त्यांना लगेच पटलं, त्यांची स्वतःची पोफळीची बाग आहे. यकृताच्या सर्जनचं मात्र आम्हाला कुणी सुचवलं नव्हतं. सोमवारी फाइल घेऊन निघतो.

देवगडचे गुरुजी

चर्चा चांगली चालली आहे, पण एक शंका मनापासून मांडतो. ज्या इम्युनोथेरपीचा उल्लेख झाला तिचा खर्च लाखांत जातो. आंब्याच्या एका हंगामावर वर्ष काढणाऱ्या माणसाला तुम्ही सांगणार की तुझ्या गाठीला हे औषध चालेल, आणि ते त्याला घेता येणार नाही. मग चाचणी करून त्याच्या मनस्तापात भर घालायची कशाला? आमच्याकडे तर निम्मी माणसं रक्त पडलं की मूळव्याध म्हणून वर्षभर झाडपाल्याचं औषध घेत बसतात. आधी ते सुधारू या.

काचपट्टी

गुरुजी, मूळव्याधीचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं. चाळिशीनंतर पहिल्यांदा रक्त पडायला लागलं, शौचाची सवय बदलली, विनाकारण हिमोग्लोबिन उतरलं तर आधी डॉक्टरकडून बोटाने तपासणी आणि कोलोनोस्कोपी. आणि चाळिशीच्या आतलेही यातून सुटलेले नाहीत. आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, पण ज्यांना होतो त्यात तरुण बरेच असतात.

पण खर्चाच्या मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत नाही, आणि का ते सांगते. एमएमआरच्या चार पट्ट्या हे मार्करमधलं सगळ्यात स्वस्त काम आहे, मोठ्या जीन पॅनेलच्या खर्चाच्या आसपासही जात नाही. आणि गरीब पेशंटच्या दृष्टीने ती नुसतं महाग औषध सुचवणारी चाचणी नाही, नको असलेला खर्च वाचवणारीही आहे. दुसऱ्या स्टेजच्या माणसाची सहा महिन्यांची केमो टळली तर औषधं, एसटीचा प्रवास, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, सगळंच टळतं. तसंच केरासची चाचणी झाली की गुहागरींच्या वडिलांसारख्या पेशंटला निरुपयोगी इंजेक्शनसाठी बाग गहाण टाकावी लागत नाही. आणि औषध परवडलं नाही तरी त्याच्या बहिणीची वेळेत कोलोनोस्कोपी होणं आपल्या हातात असतं. महात्मा फुले योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. ज्या रुग्णालयात जाल तिथल्या आरोग्यमित्राला चाचणी आणि औषध, दोन्हींबद्दल वेगवेगळं विचारा. एकाचं उत्तर 'नाही' आलं म्हणून दुसऱ्याचं तसंच धरून चालू नका.

घाटमाथा

गुरुजींना जोडून थोडं. मार्करला आम्ही दोन वेगळे प्रश्न विचारतो: गाठ किती आक्रमक आहे, आणि अमुक औषध तिला लागू पडेल का. कधी एकाच खुणेतून दोन्ही कळतं. बीआरएएफ या जनुकातला व्ही६००ई नावाचा बदल ८ ते १० टक्के पसरलेल्या कॅन्सरमध्ये सापडतो. गाठ आक्रमक असल्याची ती खूण, पूर्वी हे वाचलं की आम्ही गप्प व्हायचो. आता त्याच बदलावर बेतलेलं एन्कोराफेनिब आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रेकवॉटर अभ्यासात केमो आणि सेटुक्सिमॅबसोबत ते दिल्यावर जगण्याचा मध्य १५ महिन्यांवरून ३० महिन्यांवर गेला. म्हणजे 'वाईट' मार्कर सापडला म्हणून तो न शोधणंच बरं, हा हिशोब आता चालत नाही.

आणि मध्य म्हणजे काय तेही लक्षात असू द्या. निम्मे पेशंट त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. समोर बसलेल्या माणसाचे दिवस त्यातून मोजता येत नाहीत. नातेवाईक फारच आग्रह करतात तेव्हाही मी आकडा देत नाही. पुढचं स्कॅन कधी, तोवर काय करायचं, हे सांगतो.

शिरोडा नाका

पुण्यातला भाचा म्हणतो, आता रक्तातूनच कळतं कॅन्सर परत येणार का, ब्लॉकबिक लागत नाही. सीईए म्हणजे तीच टेस्ट ना? आमच्या बाबांचं सीईए ऑपरेशनआधीही नॉर्मल होतं.

घाटमाथा

नाही, त्या दोन वेगळ्या आहेत. सीईए हे प्रोटीन १९६५ साली माँट्रियलमध्ये सापडलं. जुनी, स्वस्त आणि अजूनही उपयोगी तपासणी. निदानासाठी ती वापरायची नाही, कारण धूम्रपान करणाऱ्यांत आणि यकृताच्या आजारातही ती वाढते. ऑपरेशनआधी एकदा करायची, आणि नंतर दर तीन ते सहा महिन्यांनी वाढतेय का बघायचं. तुमच्या बाबांची गाठ सीईए सोडतच नसेल तर त्यांच्यासाठी या आकड्यावर विसंबू नका, स्कॅन आणि कोलोनोस्कोपीची तारीख चुकवू नका.

भाचा म्हणतो ती तपासणी सीटीडीएनएची. गाठीच्या पेशी मेल्या की त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात सापडतात आणि काही तासांतच नाहीसे होतात. म्हणून ऑपरेशननंतर काही आठवड्यांनीही ते दिसले तर कुठेतरी रोग शिल्लक आहे असा अर्थ. ऑस्ट्रेलियातल्या डायनॅमिक अभ्यासात, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, दुसऱ्या स्टेजचे ४५५ पेशंट होते; एका गटात यावरून केमो द्यायची की नाही हे ठरवलं, दुसऱ्यात नेहमीच्या पद्धतीने. नेहमीच्या पद्धतीत २८ टक्क्यांना केमो मिळाली, रक्ताच्या तपासणीच्या गटात १५ टक्क्यांनाच लागली, आणि दोन वर्षांनी कॅन्सर न परतलेल्यांचं प्रमाण जवळजवळ सारखंच राहिलं, रक्ताच्या तपासणीच्या गटात ९३.५ टक्के आणि नेहमीच्या पद्धतीत ९२.४. मला स्वतःला ही तपासणी फार आशेची वाटते. पण त्या अभ्यासात आधी पेशंटच्या गाठीतला बदल शोधून मगच रक्तात तो हुडकला होता. म्हणजे ब्लॉक लागलाच.

आणि केमो सुरू होण्याआधी डीपीवायडी या जनुकाच्या तपासणीबद्दल जरूर विचारा. ५-एफयू आणि कॅपेसिटाबिन ही केमोची औषधं शरीरातून काढून टाकणारं एन्झाइम काही थोड्या लोकांत कमी असतं. त्यांना नेहमीचा डोस जिवावर बेतू शकतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० पासून आधी तपासण्याची शिफारस केली आहे.

वेंगुर्ल्याची

ताई, माका ह्या रिपोर्टातला काय एक कळत नाय, पण वाचल्यार अंगार काटो इलो. माझ्या आवशीक गर्भाशयाचो कॅन्सर झाल्लो, मामाक आतड्याचो. आता माझ्या भावाक, ४१ वर्साचो आसा, आतड्याचोच. ऑपरेशन झाला, गाठी काढल्यानी, तिसरी स्टेज म्हणतत. गावात सगळे सांगतत, घराण्याक लागलेला आसा, कायतरी बघून घेवा. भावाच्या रिपोर्टार ही चार नावां नायत. मी ३६ वर्सांची, दोन पोरां आसत. इचारू कोणाक?

काचपट्टी

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आधी भावाचा ब्लॉक ज्या लॅबमध्ये आहे तिथे एमएमआर करायला सांगा. ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं, ब्लॉक जपून ठेवलेला असतो. घराण्याबद्दल सर सांगतील.

घाटमाथा

ताई, यात कुणाचा शाप किंवा दोष नाही. आई, मामा आणि भाऊ: तीन जवळची माणसं, दोन पिढ्या, त्यातला एक पन्नाशीच्या आतला. घराण्यातून आलेला कॅन्सर ओळखायच्या १९९९ च्या ॲमस्टरडॅम निकषांत हे बसतं. गर्भाशयाचा कॅन्सर यात मुद्दाम धरला जातो, आणि नेमका तोच सांगायचा लोकांच्या लक्षात राहत नाही. तुम्ही सांगितलात. या स्थितीला लिंच सिंड्रोम म्हणतात. याच दुरुस्ती करणाऱ्या जनुकातला दोष आईकडून किंवा वडिलांकडून येतो. आतड्याच्या दर शंभर पेशंटमध्ये साधारण तीन जणांना असतो. भावाची केमो यासाठी थांबवू नका, तिसऱ्या स्टेजला ऑक्सॅलिप्लॅटिनसकट केमो देतात. चाचणी सोबत होऊ द्या.

देवगडचे गुरुजी

ताईंचा प्रतिसाद वाचला आणि माझ्या शंकेचं उत्तर मिळालं. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या घरातही असंच आहे, एकापाठोपाठ एक तिघे. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन येतो.

वेंगुर्ल्याची

भावाच्या ब्लॉकाचो रिपोर्ट इलो. एमएसएच२ आणि एमएसएच६ नाय म्हणान लिवलेला आसा, बाकीची दोन आसत. डाक्टर म्हणाले परळाक जावा. ह्याचो अर्थ काय? माका पण झालो काय?

घाटमाथा

तुम्हाला कॅन्सर झालाय असा याचा अर्थ अजिबात नाही. एमएसएच२ आणि एमएसएच६ ही जोडीने काम करतात. एमएसएच२ नसलं की एमएसएच६ही टिकत नाही, म्हणून दोन्ही एकदम गेलेली दिसतात, आणि असं दिसलं की बहुतेक वेळा मूळ दोष घराण्यातून आलेला असतो. एमएलएच१ आणि पीएमएस२ गेलेली असती तर आधी बीआरएएफ किंवा मेथिलेशन (जनुकावर रासायनिक खूण बसून ते बंद पडणं) तपासावं लागलं असतं, कारण तो प्रकार वयस्कर माणसांत घराण्याशी संबंध नसतानाही होतो. तुमच्याकडे तो प्रश्न येत नाही.

आता भावाच्या रक्तातून नेमका दोष शोधतील. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे, डॉक्टरांनी बहुधा त्यासाठीच पाठवलंय. तो दोष सापडला की तुमच्या रक्तात फक्त तेवढाच बघायचा. तुमच्यात तो असण्याची शक्यता निम्मी. नसेल तर तुमचा धोका इतरांइतकाच, आणि तुमच्या पोरांनाही तुमच्याकडून तो जाणार नाही. असेल तर दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी. आतड्यात उगवलेला अंकुर (पॉलिप) कॅन्सरची गाठ होण्याआधीच तिथल्या तिथे काढता येतो. गर्भाशयाबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलायचं, मधेच अंगावरून जायला लागलं तर महिनाभरही थांबायचं नाही. ॲस्पिरिनचा या घराण्यांत फायदा दिसलाय, दहा वर्षांचा पाठपुरावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, पण ते डॉक्टरांना विचारूनच. पोरं लहान आहेत, त्यांची तपासणी सज्ञान झाल्यावर. मामाच्या मुलांनाही कळवा, त्यांचाही यात तेवढाच संबंध आहे.

वेंगुर्ल्याची

मामाच्या चेडवाक रातीच फोन केलंय. ती आणि मी दोघांय जातलों, भावासोबत. तुतारीची तिकिटां काढली. हॉस्पिटलवाले म्हणतत ब्लॉक सोबत आणा. तो कसो मागूचो?

काचपट्टी

लॅबच्या नावाने साधा अर्ज लिहा: पेशंटचं नाव, रिपोर्टवरचा बायोप्सी नंबर, 'पुढील तपासणीसाठी ब्लॉक आणि स्लाइड हव्या आहेत', खाली भावाची सही. तुम्ही आणायला जाणार असाल तर त्याच्या आधारची झेरॉक्स आणि तुमचं ओळखपत्र. गाठीचा एक ब्लॉक आणि निरोगी आतड्याचा एक, दोन्ही मागा. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथेच काउंटरवर ताडून बघा. काचपट्ट्या वेगळ्या डबीत घ्या. परळला दिलेल्या ब्लॉकची पोच घ्या आणि काम झालं की परत मागा, पुढे पुन्हा लागू शकतो. आणि पिशवी उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. मेण साठीच्या आसपास वितळतं, पण उन्हात तापलेल्या काचेमागे त्याआधीच मऊ पडून वाकतं आणि मग चकत्या नीट निघत नाहीत. प्रवासात हातातल्या पर्समध्येच असू द्या.